वर-खाली एक वजा करा, झालं?

पुलगावला घरी आलो की पेटची तयारी करणारी एकदोन मुलं वही घेऊन येतातच. या वेळचं गणित सोडतीचं होतं. दहा प्रभाग, डब्यात पाच चिठ्ठ्या ‘महिला’ आणि पाच ‘खुला’ अशा, काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. (खऱ्या सोडतीत इतर आरक्षणं, चक्रानुक्रम असं बरंच असतं, ते सोडून देऊ.) दुसरी चिठ्ठी ‘महिला’ निघण्याची संभाव्यता किती?

वहीतलं उत्तर: 4/9.

चूक मुलाची नाही, रीतीची आहे. बहुतेक गाईडं सांगतात, ‘परत न ठेवता’ दिसलं की वर-खाली एक वजा करा. पण 4/9 कधी? पहिली ‘महिला’ निघाल्याचं माहीत असेल तर. पहिली ‘खुला’ असेल तर 5/9. काहीच माहीत नसेल तर दोन्ही शक्यता धराव्या लागतात:

5/10 × 4/9 + 5/10 × 5/9 = 1/2

म्हणजे पहिल्या चिठ्ठीइतकीच! दहाही चिठ्ठ्या न उघडता ओळीत मांडा. दुसऱ्या जागेत असं काय वेगळं आहे? ‘आमचा प्रभाग शेवटी आला म्हणून अन्याय झाला’ ही तक्रारही इथेच गळून पडते. हे कुठलंच गाईड सांगत नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

मग परत न ठेवल्याने बदलतं काय? जोडी. पहिल्या दोन्ही ‘महिला’: 5/10 × 4/9 = 2/9. परत ठेवली असती तर 1/4. एक निघाली की दुसरीची शक्यता थोडी घटते, म्हणून निकालातला विखुरलेपणा कमी होतो. संशोधनात कामाला येतं ते हेच. N पैकी n निवडले तर नमुना-सरासरीचं प्रचरण परत ठेवून काढल्याच्या (N−n)/(N−1) पट असतं. दहातून पाच काढले तर 5/9, जवळपास निम्मं. हजारातून पाच काढले तर 995/999, म्हणजे फरक विसरलात तरी चालेल.

साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं नमुना-सर्वेक्षणावरचं 1954 चं पुस्तक चाळा. पीक-कापणीच्या पाहणीत तेच शेत दोनदा निवडून नवीन काय कळणार? तिथे ‘परत न ठेवता’ ही अट नाही, गरज आहे. लाल-निळ्या चेंडूंत ते दिसतच नाही.

वहीतलं 4/9 मी खोडलं नाही. पुढे फक्त लिहून दिलं: ‘पहिली महिला निघाली हे कळलं असेल तर.’