पक्षपात, पूर्वग्रह आणि अभिनिवेश

जुन्या कागदांच्या परीक्षणांत ‘पक्षपाती’ हें विशेषण इतक्या सढळ हातानें योजिलें जातें कीं, तें लागतांच कागदाचा निकाल लागला अशी समजूत होऊन बसली आहे. बखर पक्षपाती, कैफियत पक्षपाती, ग्रँट डफ तर पक्षपातीच! परंतु या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळे दोष कोंबतों. त्यांची फोड केल्यावांचून निकाल देणें न्यायाचें नव्हे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

प्रथम शब्दार्थ पाहूं. पक्ष म्हणजे पंख, आणि त्यावरून बाजू. एका बाजूवर पडणें तो पक्षपात. संस्कृतांत हा शब्द नेहमींच निंदाव्यंजक नाहीं. किरातार्जुनीयाच्या तिसऱ्या सर्गांत भारवीनें निःस्पृह मुनींच्या ठायींहि सत्पुरुषांविषयीं पक्षपात मानिला आहे. पक्षपात करणारास दोन्ही बाजू ठाऊक असतात. तो एकीकडे कलतो, इतकेंच. पूर्वग्रहाचें तसें नाहीं. ग्रह म्हणजे पकड. वस्तु पाहण्याच्या आधींच मनानें जें धरलें तो पूर्वग्रह. येथें दुसरी बाजू दृष्टीसच पडत नाहीं. अभिनिवेश याहूनहि खोल. योगसूत्रांत पांच क्लेशांत त्याची गणना शेवटीं केली असून, जीविताची ही आसक्ति विद्वानासहि सुटत नाहीं असें तेथें सांगितलें आहे. आपल्या मतास प्राणासारखें कवटाळणें हा त्याचा आजचा अर्थ त्यावरून नीट उमगतो.

इंग्रजींतील ‘बायस’ या शब्दाचा एक जुना उपयोग येथें सांगण्यासारखा आहे. ‘बोल्स’ नांवाच्या खेळांतील गोळा मुद्दाम एका अंगास झुकता घडवितात. त्यामुळें तो सरळ न जातां वळत जातो. कुशल खेळाडू त्याकरितां गोळा टाकून देत नाहीं. वळण हेरून त्या बेतानें नेम धरतो. संख्याशास्त्रांत याच शब्दानें एकाच दिशेस होणारी चूक दर्शवितात. मोजण्या कितीहि वाढविल्या तरी ती निघून जात नाहीं. संग्राहकांनीं हें ध्यानांत धरावें. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

आतां नागपुराकडे वळूं. रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर इ. स. १७४२ मध्यें बंगाल्यांत उतरले; १७४४ त मनकरा येथें अलीवर्दीखानानें त्यांस भेटीस बोलावून ठार करविलें. त्या स्वाऱ्यांचें वर्णन गंगाराम नामक बंगाली कवीनें १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्रपुराण’ या काव्यांत केलें. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९६५ त प्रसिद्ध झालें. त्यांतील गांवांची जाळपोळ व स्त्रियांवरील अत्याचार वाचून आपल्याकडील वाचक ‘शत्रूचा पक्षपात’ म्हणून पुस्तक मिटूं पाहतो.

पण काव्याची रचना तर पाहावी! गंगारामाच्या मतें मराठे आले ते बंगाल्यांतीलच लोकांच्या पापांचें शासन म्हणून, शिवाच्या आज्ञेनें. पुढें ब्राह्मण व वैष्णव यांची हत्या होऊं लागली, तेव्हां देवी भास्कररामांवर रुष्ट होऊन नबाबास अनुकूल झाली. जो कवि आधीं आपल्याच लोकांस दोष देतो आणि प्रत्यक्ष देवतेस बाजू बदलावयास लावतो, त्यास केवळ पक्षपाती कसें म्हणावें? पापपुण्याच्या हिशेबानें इतिहास पाहणें हा त्याचा पूर्वग्रह खरा. पण त्यानें जळिताची साक्ष खोटी ठरत नाहीं. पुस्तक मिटणाराचा मात्र अभिनिवेश ठरतो.

उलट काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आपण विश्वासानें उघडतों. ती रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. घराणें भोसल्यांचें, लिहवून घेणारा इंग्रज. तेव्हां येथें एक सोडून दोन कल संभवतात. म्हणून ती टाकाऊ होत नाहीं. प्रत्येक प्रकरणीं गोळा कोणीकडे वळेल हें मात्र आधीं पाहावें लागतें.

हें लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीनें मिळाला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं नागपुरांतील एका जुन्या घरीं इनामाच्या वादाची एक कैफियत त्याच्या पाहण्यांत आली. पूर्वजांची अतोनात स्तुति पाहून त्यानें ‘एकपक्षीय, संग्रहास अयोग्य’ असा शेरा दिला. मागाहून उमगलें कीं, असा वादी पराक्रम फुगवील, पण शेताच्या चतुःसीमा सहसा फुगविणार नाहीं. शेजारी लगेच हरकत घेईल. त्या सीमा, गांवांचीं नांवें व साक्षीदार उतरून घेण्यास तो पुन्हां गेला, तों बाड रद्दींत गेलें होतें. घरच्यांनीं त्याच्याच शेऱ्याचा आधार सांगितला. यावर काय बोलावें?

तात्पर्य, ‘पक्षपाती’ असें लिहिण्यापूर्वीं परीक्षकानें तीन गोष्टी नमूद कराव्या: कल कोणाकडे, कोणत्या विषयांत, आणि जेथें लेखकाचा स्वार्थ नाहीं असा मजकूर किती. चौथी गोष्ट, म्हणजे आपला स्वतःचा कल, कागदावर न लिहिली तरी मनांत स्पष्ट असावी. तोंवर बाड जपून ठेवावें. शेरा केव्हांहि बदलतां येतो. सुज्ञांनीं विचार करावा.