मार्शलचरित्र: एका घराण्याच्या काव्यग्रंथाचे परीक्षण

पेंब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल हा चार इंग्लिश राजांच्या पदरी राहिला आणि इ. स. १२१६ मध्ये बाल हेन्रीचा कारभारी झाला. इ. स. १२१९ मध्ये तो वारल्यावर त्याच्या थोरल्या मुलाने जॉन नामक कवीकडून त्याचे फ्रेंच पद्यचरित्र रचविले. मार्शलचा जुना सेवक जॉन ऑफ अर्ली याने माहिती पुरविली. १९,२१४ ओळींच्या या ग्रंथास अव्वल साधन मानावे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहो.

ग्रंथाची एकच प्रत उपलब्ध आहे. पॉल मेयर या फ्रेंच पंडिताने ती १८६१ साली लंडनच्या लिलावात पाहिली. परंतु ती सर टॉमस फिलिप्स यांच्या प्रचंड संग्रहात गेली आणि मेयरला पुन्हा गवसावयास वीस वर्षे लागली. त्याची त्रिखंड आवृत्ति १८९१ ते १९०१ या काळात निघाली. सांप्रत मूळ प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

आता मजकुराकडे वळू. इ. स. ११५२ च्या न्यूबरीच्या वेढ्यात विल्यम हा राजा स्टीफनकडे ओलीस होता. मुलास फाशी देण्याची धमकी येताच, याहून चांगले पुत्र घडविण्याची ऐरण व हातोडे आपणांजवळ आहेत, असे बापाने कळविल्याचे कवि सांगतो. वेढा अन्य साधनांनीही सिद्ध आहे. हे उद्गार मात्र सत्तर वर्षांनी लिहिलेल्या या काव्यातच सापडतात. ती घराण्यातील आख्यायिका समजावी. उलटपक्षी, टुर्नामेंट नामक शस्त्रक्रीडेत मार्शलने एका भिडूसह दहा महिन्यांत १०३ सरदार धरले, हे सांगताना कवि मुदपाकखान्याच्या कारकुनाच्या टिपणाचा हवाला देतो. तेथे आकड्यामागे कागद आहे, म्हणून त्याचे वजन अधिक.

तिसरे स्थळ नाजूक आहे. इ. स. १२०५ मध्ये नॉर्मंडीतील जहागीर राखण्याकरिता मार्शलने फ्रान्सचा राजा फिलिप यास इमान दिले. राजा जॉनने हा द्रोह ठरविला. कवि म्हणतो, जॉनचीच परवानगी होती. येथे कवि साक्षीदार नसून वकील आहे.

तथापि ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयी शंका नको. इ. स. १२३१ ते १२४५ या अवधीत मार्शलचे पाचही पुत्र औरस संततीवाचून वारले. पत्नी इझाबेल हिच्याकडून आलेली पेंब्रोक, स्ट्रिगिल व लेन्स्टरची दौलत पाच कन्यांच्या वंशांत वाटली गेली. या निर्वंशाची चाहूलही काव्यात नाही. घराणे भरभराटीत असतानाच ते लिहिले गेले, याचा हा अंतर्गत पुरावा होय.

आमच्याकडील सभासदाची बखरही राजारामाच्या आज्ञेवरून, म्हणजे चरित्रनायकाच्या पुत्राच्याच सांगण्यावरून, इ. स. १६९७ मध्ये लिहिली गेली. पुत्राने लिहविले एवढ्यावरून कोणतेही चरित्र त्याज्य ठरत नाही, तसे ते सर्वस्वी ग्राह्यही ठरत नाही. प्रत्येक वाक्यास त्याचा सांगणारा कोण व त्याचा स्वार्थ काय, हे विचारूनच ते स्वीकारावे. परंतु हे विचारण्यास ग्रंथ अभ्यासकाच्या हाती पडला पाहिजे. एकमेव प्रत संग्रही असणाऱ्याने तिची निदान नक्कल व सूची प्रसिद्ध करावी. मेयरची वीस वर्षे कोणत्याही संशोधकाच्या वाट्यास पुन्हा येऊ नयेत.