मिरवणुकीतला ड्रॅगन आणि कर्नी रस्त्यावरचे म्हातारे

दडपलेल्या समाजाची संस्कृती जेव्हा राजरस्त्यावर मिरवली जाते, तेव्हा ती कोणासाठी मिरवली जाते, हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत वारंवार आलेला आहे. प्रस्थापितांना आमची हलगी चालते, आमचे नाच चालतात. हलगी वाजवणाऱ्याने गावात घर मागितले की मात्र चालत नाही. हाच प्रश्न अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरात चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांपुढे गेली सत्तर वर्षे उभा आहे. त्यांच्या सार्वजनिक उत्सवांकडे आणि त्या उत्सवांच्या पोटातून निघालेल्या साहित्याकडे या अंगाने पाहायचे आहे. परमुलखातल्या उत्सवांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी उचलले, ती संघटना १९६६ साली ओकलंडमध्ये, म्हणजे याच शहराच्या खाडीपलीकडे जन्मली. आणि १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या बेकार पोरांनी त्याच पँथरचा कित्ता गिरवून 'रेड गार्ड पार्टी' काढली होती. तेव्हा नाते आहे, आणि ते विद्रोहाचे आहे.

चिनी नववर्ष हा मुळात घरातला सण. देणी फेडावीत, घर झाडावे, वडीलधाऱ्यांना भेटावे, मुलांना लाल पाकिटातून पैसे द्यावेत, एवढाच त्याचा व्याप. त्याची आजची शहरी मिरवणूक, विद्युत्‌दीपांच्या झगमगाटात दोनशे फुटांहून लांब ड्रॅगन नाचवणारी, सुरू झाली १९५३ साली. हे साल महत्त्वाचे आहे. कोरियात अमेरिकन आणि चिनी सैनिक एकमेकांना मारीत होते. दहा-अकरा वर्षांपूर्वी जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक असताना, काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले गेले होते, हे चायनाटाउनने डोळ्यांनी पाहिले होते. आता पाळी आपली, ही धास्ती घराघरांत होती. अशा वेळी वस्तीतल्या व्यापारी पुढाऱ्यांनी ठरवले की आपण शहराला आपला सण दाखवू. आपण कम्युनिस्ट नाही, आपण रंगीत, निरुपद्रवी आणि राजनिष्ठ आहोत हे दाखवू. १९५८ पासून चिनी चेंबर ऑफ कॉमर्सने तिला 'मिस चायनाटाउन यू.एस.ए.' या सौंदर्यस्पर्धेची जोड दिली.

या राजनिष्ठेचे फळ काय मिळाले? १९५६ साली सरकारी वकिलाने चायनाटाउनच्या कुलसंघटनांची सारी दफ्तरे ग्रँड ज्युरीपुढे मागवली. संशय असा की हे लोक खोट्या नात्यांवर देशात शिरले. आणि खोटी नाती होतीच! १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली होती. १९०६ च्या भूकंपात व आगीत शहराची दफ्तरे जळाली, तेव्हा 'आम्ही इथेच जन्मलो' असे सांगून अनेकांनी कागदावरचे मुलगे आणले. ज्या देशाने माणसाला माणूस म्हणून दार उघडले नाही, त्या देशात तो कागद होऊन शिरला. १९४३ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला १०५ माणसांचा कोटा ठेवून. म्हणजे मिरवणुकीत टाळ्या वाजवणारे शहर आणि समन्स पाठवणारे सरकार यांत विरोध नव्हता. ज्याला ड्रॅगन आवडतो त्याला ड्रॅगनखालचा माणूस आवडतोच असे नाही.

चायनाटाउनचे रूपसुद्धा याच व्यवहारातून आलेले आहे. १९०६ नंतर ही वस्तीच शहराच्या कडेला, हंटर्स पॉइंटला हलवावी असा घाट घातला गेला. तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोड्याच्या छपरांच्या इमारती बांधून घेतल्या. प्रवासी येतील, पैसा येईल, मग वस्ती हलवणार नाहीत, हा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला, वस्ती वाचली. म्हणून पुढच्या पिढीतल्या तरुणांनी 'हे सारे नकली आहे' असे म्हटले, तेव्हा त्यांच्या बाजूने असूनही मला थोडे थांबावेसे वाटते. जमीन पायाखालून सरकत असताना ज्यांनी मुखवटा चढवला, त्यांना नुसते लाचार म्हणून मोकळे होता येणार नाही. प्रश्न पुढचा आहे. मुखवटा पन्नास वर्षे चढवला की खालच्या चेहऱ्याचे काय होते?

फ्रँक चिन यांचे 'द इयर ऑफ द ड्रॅगन' हे नाटक नेमके हेच विचारते. १९७४ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. नाटक घडते सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, नववर्षाच्या दिवसांत. बाहेर मिरवणूक आणि आत एक घर. घरातला थोरला मुलगा फ्रेड इंग चाळिशी ओलांडलेला आहे आणि प्रवाशांना चायनाटाउन दाखवण्याचा धंदा करतो. त्याला लेखक व्हायचे होते. नाटकाची सुरुवातच त्याच्या गाइडगिरीच्या बडबडीने होते. चांगले इंग्रजी येणारा हा माणूस गिऱ्हाइकाला हवे म्हणून मोडके, हेल काढलेले इंग्रजी बोलतो. बाप वस्तीतला मानकरी आहे, मरायला टेकला आहे, आणि आपले मरण 'चिनी' व्हावे म्हणून त्याने चीनमध्ये राहिलेली पहिली बायको आणवली आहे. कायद्याने समुद्राच्या दोन काठांवर ठेवलेले हे नवरा-बायको. घरात दुसरी बायको आहेच. चिनी स्वयंपाकाच्या पुस्तकावर नाव कमावलेली मुलगी गोऱ्या नवऱ्यासह आली आहे. हा जावई या घरातल्या सर्वांपेक्षा 'चिनी संस्कृती'वर अधिक बोलतो. असले जावई आपल्यालाही ठाऊक आहेत. आमच्या कवितेतले दुःख ते आम्हालाच समजावून सांगतात.

नाटकाचे बळ फ्रेडच्या भाषेत आहे. तो एकाच वाक्यात गाइडचा हेल, रस्त्यावरची शिवी आणि अर्धवट राहिलेल्या लेखकाची उपमा वापरतो. वाचताना कळत नाही की यातला त्याचा स्वतःचा आवाज कोणता. त्यालाही कळत नाही, हीच त्याची शोकांतिका. बापलेकांच्या झटापटीतच बाप मरतो. शेवटी फ्रेड पांढऱ्याशुभ्र वेशात उभा राहतो. चिनी रिवाजात पांढरा रंग सुतकाचा. पण त्या वेशात तो हॉलिवूडच्या पडद्यावरच्या चार्ली चॅनसारखा दिसतो, ज्याची भूमिका गोरे नट चेहरा रंगवून करीत. सुतकाचा आणि सोंगाचा वेश एकच! मिरवणुकीवर याहून कठोर समीक्षा मी वाचलेली नाही.

पण चिन यांच्या विद्रोहालाही एक आंधळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा सारा राग 'आमची मर्दानगी हिरावली' या तक्रारीभोवती फिरतो. नाटकातल्या आई, बहीण, चीनहून आलेली ती अबोल बाई यांना दुःख आहे, पण त्या दुःखाचा विचार नाटक करीत नाही. १९७६ साली मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांचे 'द वुमन वॉरियर' आले, गाजले, तेव्हा चिन यांनी लेखिकेवर चिनी आख्यायिका मोडून गोऱ्या वाचकांपुढे नकली माल मांडल्याचा आरोप केला, आणि १९९१ पर्यंत ते 'खरे' व 'खोटे' लेखक वेगळे काढीत राहिले. घरातली गोष्ट बाईने बाहेर सांगितली की ती परक्याची हस्तक ठरते. दलित स्त्रियांनी आत्मकथने लिहिली तेव्हा आपल्याही काही शूर समीक्षकांचा सूर याहून फार वेगळा नव्हता.

मिरवणूक अलीकडे कर्नी आणि जॅक्सन या रस्त्यांच्या चौकाशी संपते. याच चौकात इंटरनॅशनल हॉटेल उभे होते. नाव हॉटेल, प्रत्यक्षात एका खोलीत एक माणूस अशी गरिबांची चाळ. शेतांत, मासळीच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत राबून म्हातारे झालेले फिलिपिनो आणि चिनी पुरुष तिथे राहत. त्यांतल्या पुष्कळांना वंशभेदी कायद्यांमुळे संसार करताच आला नव्हता. १९६८ पासून मालकाने त्यांना काढायचे ठरवले, कारण जागेला सोन्याचा भाव आला होता. म्हाताऱ्यांनी नकार दिला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संपात चिनी, जपानी, फिलिपिनो आणि मेक्सिकन विद्यार्थी उतरले. पाच महिने संप चालला आणि आपला इतिहास शिकवणारे विभाग त्यांनी मिळवले. ते विद्यार्थी या म्हाताऱ्यांच्या पाठीशी आले. १९७२ साली स्थापन झालेली 'कर्नी स्ट्रीट वर्कशॉप' ही कलासंस्था याच इमारतीच्या तळमजल्यावर आली. तिथे पोस्टर छापली जात, कविता वाचल्या जात, आणि वरच्या मजल्यावरचा म्हातारा खाली येऊन ऐके. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे हजारो माणसांची साखळी तोडून शेकडो पोलिसांनी म्हाताऱ्यांना रस्त्यावर काढले. इमारत पाडली; जागा वर्षानुवर्षे खड्डा होऊन पडली. २००५ साली तिथे वृद्धांसाठी १०४ घरांची नवी इमारत उभी राहिली, तोवर त्यांतले बहुतेक जण गेले होते. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून मोजायचे तर मी त्या पहाटेच्या साखळीला मिरवणुकीच्या वर ठेवीन. तिथे प्रेक्षक नव्हते.

जपानी वस्तीचा 'चेरी ब्लॉसम' उत्सव १९६८ चा. त्याच वर्षी तिथे 'जपान सेंटर' हे मोठे व्यापारी संकुल उघडले. ते उभे राहिले पुनर्विकासाच्या नावाखाली, आणि त्या पुनर्विकासाने छावण्यांतून परत आलेले जपानी आणि शेजारचे काळे लोक यांची घरे जमीनदोस्त केली. फूल फुलले ते अशा जागी. १९७३ साली भाडेकरूंनी हकालपट्टीविरुद्ध समिती काढली, तिच्याबद्दल उत्सवाच्या रंगीत पत्रकांत शोधून काही सापडायचे नाही.

या उत्सवात ताइको, म्हणजे मोठे जपानी ढोल वाजतात. अमेरिकेतले पहिले ताइको पथक सेइची तानाका यांनी १९६८ सालीच या शहरात काढले. पुढे इतर पथके निघाली आणि जपानहून ढोल आणणे परवडेना म्हणून मुलांनी दारूची लाकडी पिंपे घेऊन त्यांवर स्वतःच्या हातांनी कातडे ताणले. छावण्यांत कोंडलेल्या आईबापांची ही मुले. आईबापांनी छावणीचा उच्चारही घरात केला नव्हता, आणि मुले इतक्या मोठ्याने वाजवू लागली.

इथे दलित वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. कातडे जपानात कोणी कमावले? ढोल कोणी मढवले? बुराकुमिन नावाच्या अस्पृश्यांनी. मेलेले जनावर सोलणे, कातडी कमावणे, ढोल मढवणे ही त्यांची नेमलेली कामे. ढोल देवळात गेला, मढवणारा बाहेर राहिला. १८७१ च्या फर्मानाने त्यांची अस्पृश्यता कागदावर संपली. १९२२ साली, म्हणजे महाडच्या पाच वर्षे आधी, त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभी केली. ओसाकाच्या नानिवा भागातल्या बुराकू तरुणांनी १९८७ मध्ये स्वतःचे ताइको पथक काढले आणि नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप. बनवणारे हात आता वाजवूही लागले. आपल्याकडे १९५६ च्या धर्मांतरानंतर ढोरे ओढणे आणि गावकीचे वाजवणे समाजाने टाकले, ते योग्यच केले. ती सक्ती होती. पण सक्ती गेल्यावर वाद्य कोणाचे, हा प्रश्न उरतो. 'इकारी'चे उत्तर मला पटते, पण एका अटीवर. वाजवणाऱ्याने आपण कोण हे सांगून वाजवले पाहिजे.

आणि नेमके हेच अमेरिकेतल्या उत्सवात होत नाही. जपानी वस्तीत बुराकुमिन गेले नाहीत असे नाही. द व्होस आणि वागात्सुमा यांच्या 'जपान्स इनव्हिजिबल रेस' या १९६६ च्या ग्रंथात अमेरिकेतल्या जपानी अस्पृश्यांवर एक प्रकरण आहे, आणि ते टोपणनावाने लिहिलेले आहे. गोऱ्यांनी सर्वांना एकाच तारेआड कोंडले, तरी लग्न जमवताना कुळ विचारणे थांबले नाही. भारतीयांनीही हेच केले. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलने जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी, विद्यमान कायदे पुरेसे आहेत म्हणून, ते परत पाठवले. त्याला कडवा विरोध करणाऱ्यांत तिथल्या हिंदू संघटना होत्या. दिवाळी साजरी करा, जात काढू नका!

याच शहरातल्या सेंट मेरीज चौकात २०१७ साली एक शिल्प उभे राहिले. जपानी सैन्याने युद्धात गुलाम केलेल्या स्त्रियांचे ते स्मारक. चिनी, कोरियन आणि फिलिपिनो अशा तीन मुली हात धरून उभ्या आहेत, आणि खाली जमिनीवर त्यांच्याकडे पाहत म्हातारी किम हाक-सून, जिने १९९१ मध्ये प्रथम स्वतःच्या नावाने जाहीर साक्ष दिली. जपानी वस्तीतला शांतिपॅगोडा देणाऱ्या ओसाका शहराने यावर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोशी असलेले १९५७ पासूनचे भगिनी-शहराचे नाते तोडले. साठ वर्षांत ढोल, फुले, पॅगोडा यांनी कोणाला त्रास झाला नाही. एका म्हातारीने मात्र तो झाला.

चिन यांचे नाटक मराठीत आणायचे तर अडचण फ्रेडच्या बोलीची येईल. मोडक्या इंग्रजीला मोडकी मराठी हा उपाय चालणार नाही. आपल्या रंगभूमीवर तसले मराठी बोलणारा माणूस लगेच हसण्याचा विषय होतो, आणि फ्रेडला हसणारे गिऱ्हाईक नाटकात आधीच आहे. ज्याने साहेबापुढे एक, सवर्ण मित्रापुढे दुसरी आणि वस्तीत तिसरी भाषा वापरून दिवस काढले आहेत, अशा कोणा तरुणाने हे काम अंगावर घ्यावे. पहिल्या अंकातली गाइडची बडबड त्याने आधी करून पाहावी. ती जमली तर बाकीचे जमेल.