ओटीत काय पडते?

नालासोपाऱ्यात आमच्या चाळीत परवा एका सुनेचे डोहाळजेवण झाले. फुलांची वाडी घातली, सवाष्णींनी ओटी भरली, गाणी झाली. घरी येऊन मी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) पुन्हा उघडले.

पांढरपेशा साहित्याने गरोदरपणाचे लाड केले, मातृत्व देव्हाऱ्यात बसवले. बेबीताई महारवाड्यातली बाळंतीण दाखवतात: कोवळ्या वयाची पोर, अडाणी सुईणपणाचे हाल आणि सुटका झाल्यावरही पोटाला अन्न नाही. इथे डोहाळा म्हणजे भूक. या लेखनाला ‘केवळ अनुभवकथन’ म्हणणाऱ्या समीक्षकांना मी विचारते, ही भूक मोजायला तुमच्या सौंदर्यशास्त्रात माप आहे काय?

नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून लिहिलेले हे पुस्तक केवळ सवर्णांवर बोट ठेवून थांबत नाही. आपल्याच वस्तीतल्या अंधश्रद्धा, सुनेचा छळ त्या झाकत नाहीत. माझ्या मते हेच त्याचे मोठेपण.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्रहित पाहिले. तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे सांगितले. बेबीताईंची बाळंतीण ही त्या मागणीची साक्ष आहे.

आमच्या चाळीतली दुसरी एक गरोदर बाई पहाटेची लोकल धरून मुंबईत धुणीभांडी करते. सातवा लागला तरी खाडा करण्याची सोय नाही. तिच्या ओटीत नारळ पडेल, पगारी रजा पडणार नाही. जोवर हे असे आहे, तोवर ‘जिणं आमुचं’ हा गतकाळ आहे, असे कोणी म्हणू नये.