रेषीय बीजगणित: तीन पुस्तकं आणि पहिल्या वर्गातला विद्यार्थी

आज आम्ही तीन पाठ्यपुस्तकांबद्दल बोलणार आहोत. कथा-कवितांची समीक्षा होते, तशी पाठ्यपुस्तकांची फारशी होत नाही. एकदा अभ्यासक्रमात लागलं की पुस्तक भिंतीसारखं उभं राहतं आणि भिंतीवर कोणी मत देत नाही. पण विद्यापीठात गणित शिकायला आलेलं मूल टिकणार की निघून जाणार, हे बऱ्याचदा असल्या एखाद्या पुस्तकावर ठरतं. म्हणून हा खटाटोप. 'आम्ही' म्हणजे हा विषय बरीच वर्षं शिकवणारे काही जण. बोलतोय एकच, पण मतं वर्गाबाहेरच्या चहावर भांडून ठरलेली आहेत.

आधी एक प्रसंग सांगतो. तोंडी परीक्षा होती. एका मुलीला आम्ही दोन बाय दोनचं मॅट्रिक्स दिलं: वरच्या ओळीत २ आणि १, खालच्या ओळीत ४ आणि २. निश्चयक काढ म्हटलं. तिनं क्षणात सांगितलं, शून्य. मग विचारलं, "शून्य आलं म्हणजे काय झालं?" ती म्हणाली, "इन्व्हर्स नाही." "म्हणजे काय झालं?" ती गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, "सर, एवढंच लिहायचं असतं ना?"

उत्तर चूक नव्हतंच. लेखी परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले असते. लाज वाटली ती आम्हाला, कारण प्रश्नपत्रिका आम्हीच काढतो.

हेच चार आकडे घेऊन आज पुढे जाऊ. बाजारात गेलात. २ किलो कांदे आणि १ किलो बटाटे घेतले, बिल ११० रुपये. दुसऱ्या दिवशी त्याच दरानं १ किलो कांदे, १ किलो बटाटे, बिल ७० रुपये. दर काय? दहावीतली एकसामयिक समीकरणं. कांदा ४०, बटाटा ३०. आता समजा दुसऱ्या दिवशी तुम्ही ४ किलो कांदे आणि २ किलो बटाटे घेतले आणि बिल झालं २२०. दर काढा बघू. नाही निघत. दुसरं बिल म्हणजे पहिल्याचीच दुप्पट, त्यानं नवीन काहीच सांगितलं नाही. कांदा एक रुपयानं महाग केला आणि बटाटा दोन रुपयांनी स्वस्त केला, तरी दोन्ही बिलं जशीच्या तशी राहतात. आणि ४ किलो, २ किलोचं बिल २०० झालं असेल तर? तर भाजीवाल्यानं घासाघीस ऐकली असणार, कारण एकच दर धरून ११० आणि २०० हे दोन्ही हिशोब जुळत नाहीत.

झालं. निश्चयक शून्य असण्याचा अर्थ हा आहे. बिलं दोन दिसतात, माहिती एकाच बिलाची आहे. या 'एक'ला आपण रँक म्हणतो. 'कांदा एक वर, बटाटा दोन खाली' हा जो बिलांना न कळणारा बदल आहे, त्याच्या पटीतले सगळे बदल मिळून कर्नल होतो. अज्ञातं दोन, त्यातली एका दिशेची खबर बिलांना लागते, एका दिशेची लागत नाही. एक आणि एक दोन. रँक-नलिटी प्रमेय म्हणून जे घोकलं जातं, ते या उदाहरणात एवढंच सांगतं. त्या मुलीला हे कळण्यासारखं नव्हतं का? नक्कीच होतं. तिला कोणी सांगितलं नाही.

आता पुस्तकांकडे वळू. तिन्ही पुस्तकांना आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत: निश्चयकाचं शून्य आणि बिलातली गंमत, या दोहोंमधला पूल तुम्ही कधी आणि कसा बांधता?

पहिलं पुस्तक हॉफमन आणि कुन्झे यांचं. १९६१ साली आलं, दुसरी आवृत्ती १९७१ ची. भारतातल्या गणिताच्या विभागांत या पुस्तकाला मान आहे आणि तो रास्त आहे. पहिल्या प्रकरणात ते समीकरणांपासूनच सुरुवात करतं, पण त्याच्याही आधी फील्ड म्हणजे काय ते सांगतं. संख्या वास्तव असोत, संमिश्र असोत, किंवा फक्त ० आणि १ अशा दोनच असोत, जिथे एक अधिक एक शून्य होतात, सिद्धता एकच. ही शिस्त मोठी आहे. या पुस्तकात फट सापडत नाही. ज्यानं ते सोडवत सोडवत संपवलं, त्याला पुढे कोणत्याही बीजगणिताची भीती उरत नाही.

पण पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते पाहा. लेखकांनी प्रस्तावनेत सांगितलंय की ते एमआयटीतल्या, गणित हाच मुख्य विषय घेतलेल्या, वरच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी होतं. आपण ते उचललं आणि बारावीत इन्व्हर्सची गणितं करून आलेल्या मुलापुढे ठेवलं. दुसऱ्या प्रकरणात सदिश अवकाशाची व्याख्या येते, नियमांची यादी येते. हे नियम कशासाठी, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही, कारण त्याच्या मूळ वाचकाला तो पडत नसावा. आपल्या मुलाला पडतो. तो विचारत नाही, कारण शेजारचे सगळे वहीत उतरवून घेत असतात. दोष पुस्तकाचा कमी आणि ते लावणाऱ्यांचा जास्त, असं आमचं मत आहे. लावणाऱ्यांत आम्हीही आलो.

इथं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. अज्ञातांचा एकेक करून लोप करण्याची रीत फार जुनी आहे. 'नऊ प्रकरणं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन चिनी गणितग्रंथाच्या आठव्या प्रकरणात ती आहे, गणनाकाड्या मांडून करायची. निश्चयकानं उत्तर काढण्याचा क्रेमरचा नियम १७५० चा. आणि सदिश अवकाशाची नियमबद्ध व्याख्या पेआनोनं दिली ती १८८८ साली. मधे १८४४ साली हरमान ग्रासमान नावाच्या जर्मन शाळामास्तरानं जवळजवळ हे सगळं लिहून ठेवलं होतं, पण ते पुस्तक फारसं कोणी वाचलं नाही. हा ग्रासमान पुढे संस्कृतकडे वळला आणि त्यानं ऋग्वेदाचा कोश तयार केला. आजही वेदाचे अभ्यासक तो वापरतात.

सांगायचं कारण असं. क्रेमरपासून पेआनोपर्यंत १३८ वर्षं गेली. एवढ्या काळात गणितज्ञांना जी व्याख्या लिहावीशी वाटली, ती आपण पोराला पहिल्या आठवड्यात देतो आणि त्याला ती 'सोपी' वाटावी अशी अपेक्षा धरतो. शिकवताना इतिहासाचाच क्रम पाळावा, असं आमचं म्हणणं नाही. तसं केलं तर कोणीच पदवीधर होणार नाही. पण व्याख्येची गरज आधी भासली पाहिजे, एवढं तरी इतिहासाकडून शिकावं.

दुसरं पुस्तक गिल्बर्ट स्ट्रँग यांचं. तेही एमआयटीचेच, पण जातकुळी अगदी वेगळी. १९७६ चं 'लिनिअर अल्जिब्रा अँड इट्स अॅप्लिकेशन्स' आणि मग १९९३ चं 'इंट्रोडक्शन टू लिनिअर अल्जिब्रा'. त्याहून जास्त लोक त्यांना ओळखतात ते १८.०६ या क्रमांकाच्या वर्गाच्या चित्रफितींमुळे. वीसेक वर्षं त्या जगभर फुकट बघायला मिळताहेत. २०२३ च्या मे महिन्यात त्यांनी शेवटचा तास घेतला. आपल्याकडेही कितीतरी मुलांनी पास होण्यासाठी कॉलेजच्या नोट्स वाचल्या आणि विषय समजून घेतला तो या म्हाताऱ्या मास्तरांकडून.

स्ट्रँग पहिल्याच तासाला दोन चित्रं काढतात. एक ओळींचं, एक स्तंभांचं. आपल्या बिलांवर ते लावून बघा. ओळींच्या चित्रात प्रत्येक बिल ही एक रेषा, आणि दर म्हणजे दोन रेषा जिथे भेटतात तो बिंदू. स्तंभांच्या चित्रात कांद्याचा स्तंभ (२, ४) आणि बटाट्याचा (१, २). दोन्ही एकाच रेषेवर आहेत. त्यांना कितीही पटीत घेऊन मिळवा, त्या रेषेबाहेर पाऊल पडणार नाही. म्हणून (११०, २२०) गाठता येतं आणि (११०, २००) गाठता येत नाही. पूल पहिल्याच तासाला बांधला गेला. निश्चयक येतो तो अठराव्या व्याख्यानात, तोवर 'शून्य' म्हणजे काय ते पोराला कळून चुकलेलं असतं.

आता तक्रार. स्ट्रँग उदाहरणावरून नियमाकडे इतक्या सहज नेतात की सिद्धता झाली असं वाटतं, आणि पुष्कळदा ती झालेली नसते. चित्रफिती पाहून आलेलं मूल म्हणतं, समजलं. मग आम्ही विचारतो, बहुपदी हे सदिश आणि विकलन हे रेषीय रूपांतर, त्याचा कर्नल सांग. ते मूल मॅट्रिक्स शोधायला लागतं. स्थिर संख्येचं विकलन शून्य, हे त्याला अकरावी-बारावीपासून माहीत आहे. म्हणजे उत्तर त्याच्या खिशात आहे, पण हा प्रश्न तोच आहे हे ओळखू येत नाही. कारण त्या मालिकेत रेषीय रूपांतरांचा विषय तिसाव्या व्याख्यानात येतो. सगळं जग आकड्यांचे स्तंभ आहे, अशी सवय तोवर लागून गेलेली असते.

तिसरं पुस्तक शेल्डन अॅक्सलर यांचं. नावच 'लिनिअर अल्जिब्रा डन राइट'. म्हणजे बाकीच्यांनी केलं ते चुकीचं! १९९५ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये त्यांनी 'डाउन विथ डिटर्मिनंट्स!' असा लेख लिहिला होता. पुस्तकाचा पवित्रा तोच. निश्चयक शेवटच्या प्रकरणात, तोवर त्याच्याशिवाय सगळं.

आम्हाला त्यातलं एक स्थळ फार आवडतं. आयगेनव्हॅल्यू असतेच, हे नेहमी निश्चयकाचं समीकरण मांडून दाखवतात. अॅक्सलर मूळ युक्तिवादात काय करतात? n मितींच्या संमिश्र अवकाशात एक शून्येतर सदिश घ्या. त्यावर तेच रूपांतर एकदा करा, दोनदा करा, n वेळा करा. मूळचा धरून n + १ सदिश झाले. n मितींत एवढे सदिश एकमेकांपासून स्वतंत्र राहू शकत नाहीत. त्यांच्यातल्या नात्यातून एक बहुपदी मिळते, संमिश्र संख्यांत तिचे अवयव पडतात, आणि त्यातला एखादा अवयव तरी कुठलातरी शून्येतर सदिश शून्यावर नेतो. संपलं. आकडेमोड नाही, आणि आयगेनव्हॅल्यू का असते ते दिसतं. 'गणित सुंदर असतं' असं आपण मुलांना नुसतं सांगतो, त्याऐवजी हे दाखवावं.

पण अॅक्सलर स्वतःच म्हणतात की हे पुस्तक दुसऱ्यांदा रेषीय बीजगणित शिकणाऱ्यांसाठी आहे. त्याची चौथी आवृत्ती मोफत उपलब्ध आहे, म्हणून आमच्याकडची हुशार मुलं ते पहिलंच पुस्तक म्हणून उघडतात. मग गंमत होते. अमूर्त प्रमेय सांगता येतं, पण तीन समीकरणं दिली की हात चालत नाही. शिवाय निश्चयकाला एवढं हाकलून देणं आम्हाला पटत नाही. आपल्या मॅट्रिक्सनं एका एकक चौरसाचं काय होतं? तो चपटा होऊन रेषेवर येतो, क्षेत्रफळ शून्य. निश्चयक हेच मोजतो. अनेक चलांच्या संकलनात चल बदलताना तो लागतोच, आणि शेवटच्या प्रकरणात अॅक्सलरही त्याला घनफळाशी जोडतात. ज्या पोरानं दहावीत निश्चयक शिकलाय, त्याला तो टाकून द्यायला सांगण्यापेक्षा त्याचा अर्थ सांगणं जास्त न्यायाचं होईल.

तर निवाडा काय? कोणी म्हणेल, तिन्ही वाचा. वर्षाला सहा विषय असलेल्या, घरी जायला दीड तास लागणाऱ्या मुलाला हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. म्हणून आम्ही क्रम सांगतो. सुरुवात स्ट्रँगपासून करा, पहिले पाच-सहा तास, पण वही-पेन घेऊन. त्याच आठवड्यात बहुपदींची दोन उदाहरणं शिक्षकानं मुद्दाम घुसवावीत, म्हणजे स्तंभांची सवय हाडात मुरणार नाही. मग व्याख्या द्या आणि सिद्धतेसाठी हॉफमन-कुन्झेकडे जा. तेव्हा ती नियमांची यादी पोराला ओळखीची वाटेल. अॅक्सलर पुढच्या वर्षी. त्यातली आयगेनव्हॅल्यूची सिद्धता मात्र यंदाच फळ्यावर करून दाखवा, पुढच्या वर्षी यावंसं वाटेल म्हणून.

एक गोष्ट पुस्तकांच्या हातात नाही, आमच्या हातात आहे. प्रश्नपत्रिकेत 'निश्चयक काढा' याच्या खाली 'या उत्तराचा अर्थ दोन वाक्यांत लिहा' अशी एक ओळ घालायची, आणि मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण द्यायचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अर्थ कळलेला असतो, पण इंग्रजी वाक्य जुळेना म्हणून ती फक्त आकडे लिहून थांबतात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय. आमच्या अंतर्गत परीक्षेत ही ओळ आम्ही घालायला लागलो आहोत. पहिल्या वेळी बहुतेकांनी जागा कोरी सोडली. दुसऱ्या वेळी एकानं लिहिलं, "दोन समीकरणे आहेत पण दुसरे नवीन काही सांगत नाही." दोन गुणांपैकी दोन दिले.

आता तुमचे प्रश्न घेऊ.