बातमीतून शब्द शिकताना : वहीतला तिसरा रकाना



गेल्या पावसाळ्यात आठवडाभर गावी, खांबला गेले होते. माझी चुलत बहीण स्पर्धा परीक्षेची तयारी करते. क्लासमध्ये त्यांना सांगितलंय की रोज पेपर वाचायचा, त्यातले पाच नवे शब्द वहीत उतरवायचे आणि समोर अर्थ लिहायचा. हा सल्ला तुम्हीही कधीतरी ऐकला असेल, कदाचित दिलाही असेल. विज्ञानातले मराठी शब्द मुलं कशी शिकतात, हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे मी लगेच तिची वही मागून घेतली.

अक्षर सुरेख, दोन रकाने, दोनशेच्या वर शब्द. एका पानावर लिहिलं होतं : ‘ढगफुटी – खूप जोराचा पाऊस’.

“ताई, परवा रात्री झाली ती ढगफुटीच ना?”

“कशावरून?”

“अगं, केवढा कोसळला! सगळे तेच म्हणतायत.”

तिचं काही चुकलं, असं मला म्हणायचं नाही. पण बातम्यांतून शब्द शिकण्याची ही जी पद्धत आहे, तिच्यात एक भोक आहे. आजचा लेख त्या भोकाबद्दल.

आधी पद्धतीची चांगली बाजू सांगते. शब्द डोक्यात बसायचा तर तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि बातमी हे काम फुकटात करते. आमच्याच गावाचं बघा. खांब मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाडच्या मध्ये. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. ‘चौपदरीकरण’ हा सात अक्षरी शब्द आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होता, समास शिकायच्या आधीपासून. आजीला पदर म्हणजे लुगड्याचा पदर. ती म्हणायची, “चार पदर कशाला हवेत, आधी एक तरी धड असू दे.”

पण हा शब्द आम्हाला फक्त बातमीने शिकवला का? नाही. कुठे रस्ता चौपदरी झालाय आणि कुठे अजून दुपदरीच आहे, हे एसटीच्या खिडकीतून रोज दिसायचं. म्हणजे शब्द कुठे लागू होतो याच्या जोडीने कुठे लागू होत नाही, तेही डोळ्यांसमोर होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शब्द शिकण्यावरच्या संशोधनात १९७८ चा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट या दोघींनी तो केला. तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर दोन ट्रे ठेवले, एक निळा आणि एक शेवाळी हिरवा. मुलांना सांगितलं, “तो क्रोमियम रंगाचा ट्रे आण. निळा नको, क्रोमियमवाला.” या रंगासाठी हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नव्हता, तरी त्यांनी बरोबर ट्रे उचलला. काही दिवसांनी विचारलं तेव्हाही बऱ्याच मुलांना शब्दाबद्दल काही ना काही आठवत होतं. ‘शब्द एकदा कानावर पडला तरी पुरतो’ असं सांगायला हा प्रयोग सर्रास वापरला जातो.

मला हे अर्धवट वाचन वाटतं, दोन कारणांनी. एक म्हणजे, मुलांना आठवत होतं ते बहुतेक ‘हे कुठल्यातरी रंगाचं नाव आहे’ एवढंच. नेमका रंग सांगू शकणारी मुलं कमी होती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या वाक्यात ‘निळा नको’ हे शब्द होते. काय नव्हे, ते सांगितलं म्हणून काय आहे ते कळलं. बातमीत हा ‘नको’ नसतो.

हा ‘नको’ नसला की काय होतं, त्याचे दोन नमुने.

पहिला २०२० चा. २४ मार्चच्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झालं आणि मराठी पेपरांनी त्याला ‘टाळेबंदी’ म्हटलं. माझे एक काका धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर कामाला होते. त्यांनी मथळा वाचला आणि पहिला प्रश्न केला, “मालकांनी का केली?” कारण कामगारांच्या भाषेत टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्याला लावलेलं कुलूप. कामगार करतात तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. जुन्या शब्दावर नवा अर्थ चढला होता आणि जुना कुठे गेला ते कुणी सांगितलं नाही. बहिणीच्या वहीत फक्त नवा अर्थ आहे. उद्या औद्योगिक कायद्यावरच्या प्रश्नात हा शब्द आला तर ती कोरोनाबद्दल लिहून येईल. त्यात भर म्हणजे त्याच पानावर खाली ‘ताळेबंद’ आहे, म्हणजे जमा-देण्याचा हिशोब. आवाज जवळचा, अर्थाचा संबंध नाही. बाटिया लाउफर या अभ्यासिकेने अशा जुळ्यासारख्या दिसणाऱ्या शब्दांचा गोंधळ बारकाईने तपासला आहे. तिने आणखी एक प्रकार दाखवला : आतले तुकडे ओळखीचे असल्यामुळे कळल्यासारखे वाटणारे, पण न कळलेले शब्द. अवघड शब्द अडवतो, म्हणून आपण तो शोधतो. हे शब्द अडवतच नाहीत.

‘ढगफुटी’ हा त्यातलाच, आणि तोच माझा दुसरा नमुना. ढग माहीत, फुटणं माहीत, मग विचारायचं काय? पण हवामानशास्त्रात या शब्दाला माप आहे : साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. म्हणजे तीन अटी आहेत, किती, किती वेळात आणि किती जागेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आकडा प्रचंडच आहे, पण ढगफुटी झाली का हे नुसत्या २४ तासांच्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी तासातासाची नोंद बघावी लागते. बातमीत मात्र पूर आला, गाड्या वाहून गेल्या, पाणी घरात शिरलं की तो शब्द हजर. शंभर वेळा वाचूनही वाचकाला त्याची हद्द कळत नाही, कारण शंभरही वेळा प्रसंग तोच असतो. ‘परवा भरपूर पाऊस झाला, पण ती ढगफुटी नव्हती,’ अशी बातमी कोण छापणार?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, शब्दच तर आहे. रायगडात राहणाऱ्याला तसं म्हणता येत नाही. ‘रेड अलर्ट’ घ्या. हवामान खात्याचे रंग आपण पावसाच्या पट्टीसारखे वाचतो. प्रत्यक्षात ते आपण काय करायचं ते सांगतात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. इशारा शक्यतेवर दिलेला असतो. ‘लाल म्हणजे खूप पाऊस’ एवढंच शिकलेला माणूस दोन वेळा ऊन पडलं की म्हणतो, “यांचं काही खरं नसतं.” तिसऱ्या वेळी तो घरातून हलत नाही.

तसाच ‘दरडप्रवण’. वहीत समोर लिहिलं होतं, ‘दरड कोसळलेलं गाव’. ते झालं दरडग्रस्त. प्रवण म्हणजे जिथे कोसळू शकते ते. एका शब्दात झालेली गोष्ट आहे, दुसऱ्यात व्हायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच नंतर सांगितलं. शब्द नीट ठाऊक असता तर वाडी वाचली असती, असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्यानंतर आमच्याकडे डोंगराच्या कुशीत राहणारी माणसं “आपलं नाव यादीत नाय ना, मग झालं” म्हणताना मी ऐकलीत. यादीत नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. हा ‘नव्हे’ कुठल्या मथळ्यात बसवायचा?

सांस्कृतिक बातम्याही यातून सुटत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि शब्द घरोघर पोचला. वहीत : ‘अभिजात – श्रेष्ठ’. मी विचारलं, “हिंदीला हा दर्जा नाही. मग हिंदी कनिष्ठ का?” ती हसली आणि थांबली. हा दर्जा देताना भाषेचं प्राचीनत्व आणि जुनं साहित्य बघतात, गोडी नव्हे. त्या दिवशी मराठीसोबत पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली याही होत्या, हे लक्षात ठेवलं असतं तरी ‘आपणच श्रेष्ठ’ हा अर्थ गळून पडला असता.

वार्ताहरांची बाजूही मला समजते. रात्री दहाला पान लावायचं असतं, दरवेळी व्याख्या कुठून छापणार? पण बातमीखाली एक ओळ नक्की बसते : ‘तासाला १०० मिलिमीटरहून कमी असेल तर ढगफुटी नव्हे.’ आणि पाच शब्दांचा सल्ला देणाऱ्या शिक्षकांनीही पाचाचे दोन करावेत, पण ते नीट करावेत.

म्हणून वहीत तिसरा रकाना आखा. शीर्षक द्या, ‘केव्हा म्हणू नये’. तो भरता येईना, तर शब्द अजून आलेला नाही असं समजा. आणि वही नुसती वाचत बसू नका. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे जातात ते पुस्तक मिटून आठवून बघणारे. तेव्हा रकाने हाताने झाका आणि आठवा.

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा धो धो पाऊस आला. बहिणीने अंगणात एक सरळ कडांचा डबा ठेवला आणि बरोबर तासाने पट्टी बुडवली. अडीच सेंटिमीटर, म्हणजे २५ मिलिमीटर. “एवढंच?” ती म्हणाली. ढगफुटीला याच्या चौपट लागतं. एका डब्यावरून वीस चौरस किलोमीटरचं काही सांगता येत नाही, हेही तिने स्वतःच ओळखलं. मग वही उघडून तिसऱ्या रकान्यात लिहिलं : ‘अंगणातल्या डब्यात तासाला अडीच सेंमी पडला, पलीकडचं घर दिसत नव्हतं, तरी ढगफुटी नव्हती.’

तुमच्या वहीत असा एखादा शब्द असेल तर आज त्याच्यासमोर तिसरा रकाना भरून बघा. अडलात, तर तो शब्द मला कळवा.