कुलवृत्तांत, जनगणना आणि स्मृती : रेणापूर परिसरातील कौटुंबिक इतिहासाची साधनचिकित्सा

प्रस्तावना

मराठीत घराण्याचा इतिहास लिहिण्याचा रूढ प्रकार म्हणजे कुलवृत्तांत होय. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, वंशवृक्ष आणि कर्तृत्ववान व्यक्तींची चरित्रे ही त्याची ठरलेली मांडणी. ज्या घरांत सनदा, वतनपत्रे व पत्रव्यवहार जपला गेला, त्या घरांतच हा प्रकार प्रामुख्याने रुजला. रेणापूर व परिसरातील शेतकरी, बलुतेदार, भूमिहीन आणि भटक्या कुटुंबांकडे अशी दप्तरे क्वचितच आढळतात. त्यांच्यापाशी एखाद-दुसरे जुने छायाचित्र, शाळेच्या दाखल्याची प्रत आणि वृद्धांच्या आठवणी एवढेच असते. या साधनांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रत्येक साधन ते निर्माण करणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देते, वंशजाच्या प्रश्नाचे नव्हे. हे ध्यानात न घेतल्यास कागदाचा अभाव हाच पूर्वजांचा अभाव ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जनगणना आणि महसुली कागद

हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना 1881 मध्ये झाली. तेव्हापासून 1931 पर्यंतच्या अहवालांत धर्म, जात व व्यवसाय यांचे आकडे मिळतात. आजोबांचे नाव मिळत नाही. शासनाला संख्या हवी होती, नावे नव्हेत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांतील व्यक्तिगत नोंदी 1948 च्या जनगणना अधिनियमातील कलम 15 नुसार गोपनीय असून सर्वसाधारणपणे पुरावा म्हणूनही ग्राह्य नाहीत. याउलट इंग्लंड व वेल्समध्ये 1921 च्या आणि अमेरिकेत 1950 च्या जनगणनेची नावानिशी पत्रके 2022 मध्ये खुली झाली. त्यामुळे तेथील वंशशोधाची पद्धत येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

येथे नाव सापडते ते खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत. मात्र निजामकालीन बरेच कागद उर्दूत असून त्यांवरील वर्ष फसली असते. त्यात 590 मिळविल्यास इसवी सन येतो. उदाहरणार्थ, फसली 1340 म्हणजे 1930-31. घाईने लिहिलेल्या उर्दूत नुक्ते गळतात आणि नुक्त्यांवाचून ‘बाबा’ व ‘नाना’ ही नावे सारखीच दिसतात. आडनावाऐवजी पुष्कळदा ‘अमुक वल्द तमुक’ एवढाच उल्लेख असतो, तर स्त्रीची ओळख ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दापुढील पतीच्या नावाने होते. शाळेच्या नोंदवहीतील ‘1 जून’ ही जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी सोयीने लिहिलेली असते. शिवाय लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला आणि शेजारचे अंबाजोगाई निजामी कागदांत ‘मोमिनाबाद’ आहे. गाव तेच असले तरी दप्तर दुसरीकडे असू शकते, ही बाब संशोधकाने विसरून चालत नाही.

छायाचित्र

हैदराबादच्या दरबारी छायाचित्रणाचे श्रेय राजा दीनदयाळ (1844-1905) यांच्याकडे जाते. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी 1892 मध्ये स्वतंत्र स्टुडिओ उघडला. मात्र ही सोय अमीर-उमरावांच्या घरांपुरती होती. सामान्य कुटुंबात छायाचित्र फार उशिरा आले. पडद्यासमोरची खुर्ची आणि प्रसंगी उसना घेतलेला कोट यांतून कुटुंबाची ऐपत दिसण्यापेक्षा आकांक्षा दिसते. तरीही जी स्त्री कागदावर केवळ ‘भ्रतार’ म्हणून येते, तिचा चेहरा छायाचित्रातच भेटतो. मागील बाजूस नाव लिहिलेले नसेल, तर तिला ओळखणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर तो चेहराही अनामिक होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात सुमारे 8000 माणसे मृत्युमुखी पडली आणि 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. ढिगाऱ्याखाली माणसांबरोबर ट्रंकेतील छायाचित्रे आणि ती ओळखणारे डोळेही गेले.

स्मृती

स्मृती सनावळीने चालत नाही. ‘मानमोडीत आजी गेली’, ‘रझाकारीत गाव सोडले’, ‘दुष्काळात खडी फोडली’ अशी तिची कालगणना असते. त्यातून 1918 ची साथ, 1947-48 आणि 1972 ही वर्षे निश्चित करता येतात. परंतु स्मृती निवडकही असते. रझाकारांचे अत्याचार घरोघरी सांगितले जातात; सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांवर जे ओढवले, त्याविषयी सार्वजनिक मौन आढळते. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला होता. स्त्रियांची स्मृती जात्यावरच्या ओव्यांत टिकली. गी पॉइत्वॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. वंशवृक्षाने वगळलेली माहेरची नाती त्यांत आढळतात.

आत्मचरित्रेही याच दृष्टीने वाचावी लागतात. निलंग्यात 1910 मध्ये जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांच्या ‘जीवनसेतू’मागे शिक्षणाची आणि शासकीय सेवेची पार्श्वभूमी आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) पित्याचे नाव हाच मूळ प्रश्न आहे. कुलवृत्तांत जेथून निःशंकपणे आरंभ करतो, तेथेच ही कृती अडते. म्हणून तिला कौटुंबिक इतिहासाचा अपवाद न मानता त्या लेखनप्रकाराची समीक्षा मानणे योग्य ठरेल.

पुराव्याची तारीख

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 या दिनांकांचा संदर्भ द्यावा लागतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला; म्हणजे येथील दलित कुटुंबाच्या वाट्याला पहिल्या दिनांकापूर्वी दोन वर्षेही आली नाहीत. ज्यांना गावच नव्हते, त्या भटक्यांकडे गावच्या नोंदीची अपेक्षा करणे विसंगत आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. गॅझेटियर समाजाची संख्या सांगते. व्यक्तीचे नाते सांगत नाही. ते नाते अखेर स्थानिक चौकशीतून, म्हणजे वंशावळीतून व स्मृतीतूनच सिद्ध करावे लागते.

निष्कर्ष

जनगणना समूह दाखविते, महसुली कागद खातेदार, छायाचित्र चेहरा आणि स्मृती नाते. यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. ती परस्परांशी ताडून पाहावी लागतात. जेथे ती गप्प आहेत, तेथे ते मौन कोणी व का निर्माण केले, याची नोंद करणे हाही इतिहासच होय. या परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून घरातील छायाचित्रांवर नावे लिहून घ्यावीत, वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि उर्दू व मोडी वाचनाचे वर्ग चालवावेत. नोंद करणारा आणि जिची नोंद व्हायची ती व्यक्ती एकाच घरात राहत असल्याने हे काम अल्प खर्चात होऊ शकते. मात्र ते लांबणीवर टाकता येणार नाही.